आत्याचा दुसरा डोळा

आमच्या चर्चच्या भिंतींवर भल्या माणसांना दोन डोळे असतात आणि वाईटांना एक. संत, देवदूत, मरियम, तिच्या मांडीवरचं बाळ, सगळे समोर तोंड करून बसलेले, डोळे बशीएवढे. यहूदा मात्र सगळ्यांबरोबर जेवायला बसूनही मान वळवून. खिळे ठोकणारे शिपाई बाजूने. सैतान तर बाजूनेच. मी पाच वर्षांची असताना आईने सांगितलं होतं, ज्याचा एकच डोळा दिसतो त्याच्यापासून लांब राहायचं. आजवर राहिले. मग त्या शुक्रवारी भाच्याच्या चित्रांच्या प्रदर्शनाला गेले, आणि मधल्या भिंतीवर, दारातून आत शिरल्याबरोबर दिसेल अशा जागी मीच होते. एका डोळ्याची.

सुराफेल माझ्या भावाचा मुलगा. तो सात वर्षांचा असताना त्याची आई, माझी वहिनी सेबले, तापाने गेली. भाऊ जिबुतीच्या रस्त्यावर ट्रक चालवायचा, घरी पाहुण्यासारखा यायचा. पुढे तोही गेला. माझा नवरा लवकर वारला, मूलबाळ नाही. तेव्हा तो माझा आणि मी त्याची, असं आमचं गुलेले भागातलं दोन खोल्यांचं घर. आता तो तिशीला आलाय. दाढी राखतो, रंगाचे हात पँटला पुसतो, आणि मी वाढलेलं शिरो, म्हणजे आमचं डाळीच्या पिठाचं कालवण, खाताना अजून म्हणतो, "आत्या, मीठ कमी आहे." मीठ कमी नसतं.

मागच्या मोठ्या उपासात त्याने मला चित्रासाठी बसवलं. पंचावन्न दिवसांचा उपास, त्यात दुपारी तीनपर्यंत मी पाणीही घेत नाही; त्या वेळात मी एका जागी गप्प बसते हे त्याला ठाऊक. "फुकटची शांतता आहे आत्या, वाया कशाला घालवायची?" म्हणाला. त्याच्या खोलीत स्टूल, मांडीवर सूप, सुपात मसूर. सात आठवडे मी तेच मसूर निवडत होते. मला दाट संशय आहे की मी उठून गेले की हा खडे परत त्यात टाकायचा. कॅनव्हासची माझ्याकडे पाठ असायची, आणि मी उठले की तो त्यावर चादर टाकायचा. "झाल्यावर बघ," एवढंच.

ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही. फक्त मरियमच्या मंडळात, म्हणजे तिच्या नावाने दर महिन्याच्या एकवीस तारखेला आम्ही बायका जेवायला जमतो तिथे, सहज बोलून गेले. पुढच्या महिन्यातही सहज बोलले. त्यामुळे त्या शुक्रवारी माझ्याबरोबर बेलाइनेश आणि मुलुएम्बेत दोघीही आल्या, धुतलेल्या पांढऱ्या शाली अंगाभोवती घेऊन, जणू सणालाच निघाल्यात.

अरात किलोच्या उतारावर एका जुन्या घराचं चित्रदालन केलंय, तिथे हे प्रदर्शन. दारातच एका मुलीने केकचं ताट पुढे केलं.

"अंडं आहे का यात?" बेलाइनेशने विचारलं.

"हो, आणि लोणीही आहे," ती मुलगी कौतुकाने म्हणाली.

"बघ बाई," बेलाइनेश माझ्याकडे वळली, "उपासाच्या शुक्रवारी प्रदर्शन ठेवायचं आणि दारात अंड्यालोण्याचा केक. तुझ्या भाच्याला उपासाचं काही वळण लावलंस की नाही?"

मी तिला तशीच सोडून आत गेले. मला चित्र बघायची घाई होती.

सगळी चित्रं तशीच होती, म्हणजे कुणीही काही विशेष करत नाही अशी. एक म्हातारा बूट पॉलिश करून घेता घेता पेपर वाचतोय. बसच्या खिडकीला डोकं टेकवून एक नर्स झोपलीय. एक बाई धाकट्या बहिणीची वेणी घालतेय आणि दोघींनाही कसलीच घाई नाही. तेलरंगांचा उजेड इतका मऊ की बघणाऱ्याचा आवाज आपोआप खाली यायचा. बेलाइनेशचाही आला. गेल्या चाळीस वर्षांत चर्चमध्येसुद्धा असं झालं नव्हतं.

मग ते मधलं चित्र.

आम्ही तिघी ओळीने उभ्या राहिलो. चित्रातली मी स्टुलावर बसले होते, डोक्यावरून शाल, सुपात मसूर, खिडकीचा उजेड गालावर. आणि तोंड एका बाजूला.

"छान आहे," मुलुएम्बेत म्हणाली. ती शाळेत शिकवायची. आधी छान म्हणते आणि मग चुका काढते.

"हात अगदी हिचे," बेलाइनेश म्हणाली. "नखातली हळदसुद्धा सोडली नाही." मग ती थोडी पुढे सरकली. मग मागे. "दुसरा डोळा कुठंय?"

"पलीकडच्या बाजूला असणार," मुलुएम्बेत म्हणाली.

"पलीकडे म्हणजे कुठे? भिंतीत?" बेलाइनेश खरंच वाकून चौकटीच्या मागे डोकवायला लागली.

"अगं, माणूस बाजूने बसला की एकच दिसतो."

"यहूदाही बाजूनेच बसलाय. त्याचाही पलीकडे असेलच की. ते ऐकून कुणी त्याला संत केलं का?" तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तरीच. गेल्या महिन्यात तुझ्याकडे मंडळाचं जेवण होतं आणि मसूर पुरला नाही, तेव्हाच मला शंका आली होती."

"पुरला होता," मी हळूच म्हटलं. "तू तीनदा घेतलास."

"बघ! एका डोळ्याने मोजलेलं."

मीही हसले असते. पण त्याच वेळी मला चित्रात आणखी एक गोष्ट दिसली. माझ्या नाकासमोर, रिकाम्या भिंतीवर, एक खिळा होता. लहानसा, वरून किंचित वाकलेला. त्याने त्याची सावलीसुद्धा काढली होती.

त्या खिळ्याची खरी गोष्ट फक्त मला ठाऊक होती. निदान तोवर मी तसं समजत होते.

सुराफेल सोळा वर्षांचा असताना त्याने प्लायवूडच्या फळीवर आपल्या आईचं चित्र काढलं होतं. त्याचं पहिलं तेलरंगातलं चित्र. सेबले हसत होती त्यात, हुबेहूब, शेजारपाजारचे बघायला यायचे. त्याने ते त्या खिळ्यावर लावलं आणि रोज झोपताना त्याला "येतो गं" म्हणायचा. मी ताट घेऊन जायची तर हा माझ्याकडे पाठ करून तिच्याशी बोलत बसलेला. मी नऊ वर्षं त्याला खाऊपिऊ घातलं होतं, तापात उशाशी बसले होते, आणि ती भिंतीवरून माझ्याकडे बघून हसत होती. एके दिवशी तो शाळेत गेला असताना रस्त्यावरून भंगारवाला हाक देत आला. मी फळी खिळ्यावरून काढली आणि त्याला दिली. संध्याकाळी सांगितलं, छप्पर गळलं, चित्राचे पोपडे निघाले, टाकून द्यावं लागलं. तो महिनाभर छपराकडे बघत होता. मग तेही सोडलं.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. मी रोज पहाटे स्तोत्रं म्हणते, बुधवार आणि शुक्रवार कधी चुकवलेला नाही, दर महिन्याला आमच्या पाद्रींकडे, अब्बा तेक्लेंकडे, पापं सांगायला जाते. हे मात्र कधी सांगितलं नाही. माझ्या मनात मी ते पापात धरलंच नव्हतं. घर आवरण्यात धरलं होतं.

आणि आता हा मुलगा, मला सात आठवडे त्याच खिळ्यासमोर बसवून, चर्चमध्ये वाईट माणसाला काढतात तसं काढून, सगळ्या गावासमोर मधल्या भिंतीवर टांगून मोकळा झाला होता. म्हणजे त्याला कळलं होतं. आणि कळलं असेल तर तो माझ्याकडे राहणार कशाला?

शेजारी एक जोडपं उभं होतं. बाई नवऱ्याला म्हणाली, "किती शांत चेहरा आहे ना! हिने आयुष्यात कुणाचं वाईट केलं नसणार."

बेलाइनेशने मला कोपराने ढोसलं.

इतक्यात अब्बा तेक्ले आले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात क्रूस. वाटेत ज्याने त्याने क्रूसाला ओठ लावायचे, त्यामुळे दारापासून मधल्या भिंतीपर्यंत यायला त्यांना चांगला वेळ लागला. आम्ही तिघी वाकलो. त्यांनी चित्राकडे बघितलं, मग मान तिरकी करून बघितलं.

"तिरुवर्क, मसूर स्वच्छ निवडलायस," ते मला म्हणाले.

"अब्बा, त्याने मला एकच डोळा काढलाय."

"मलाही आता एकच आहे, बाई. दुसऱ्यात मोतीबिंदू झालाय, त्यातून नुसतं दूध दिसतं. उपासाच्या दिवशीसुद्धा."

"पण लोक काय म्हणतील?"

"लोकांना मसूर दिसेल." ते जरा जवळ आले आणि त्यांनी आवाज खाली केला. "मुलाने काढलंय ना? मग मुलाला विचार. की विचारायला भितेस?"

मी खाली बघितलं.

"दर महिन्याला माझ्याकडे येतेस," ते म्हणाले, "आणि मोजून तीच दोन पापं आणतेस. प्रार्थनेत डुलकी लागली आणि बेलाइनेशचा राग आला. दुसऱ्याबद्दल तर मी तुला काही बोलतही नाही. पण बाई, माणसाच्या घरात एवढीच अडगळ असते का?"

"माझा राग?" बेलाइनेश मागून म्हणाली. अब्बांनी तिच्या कपाळाला क्रूस लावला आणि ती गप्प झाली.

सुराफेल मागच्या अंगणात होता. तिथे एक बाई कॉफी करत होती, लोक लहान लहान स्टुलांवर बसून पहिला कप पीत होते. तो मला बघून उठला, खांद्याला खांदा लावून भेटला, आणि मला बाजूच्या ओट्यावर बसवलं.

"पाहिलंस?" तो म्हणाला. एवढा मोठा दाढीवाला माणूस, पण विचारताना पाय जमिनीवर घासत होता.

"तुला कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"काय?"

"खिळ्याचं."

"कुठला खिळा? आईचं चित्र होतं तो?" त्याला काही समजेना. "तो तिथे आहे म्हणून काढला. मी जे असतं ते काढतो, आत्या. का, वाईट दिसतो?"

"आणि एकच डोळा?"

आता तो हसायला लागला. "अरे देवा. मंडळ चिडलंय का? बेलाइनेशमावशी काय म्हणाल्या, यहूदा?"

"मला विचारायचंय, तुला का तसं काढावंसं वाटलं?"

"मला? तूच तशी बसलीस! पहिले चार दिवस मी तुला समोरून काढत होतो. ‘आत्या, इकडे बघ’ म्हटलं की बघायचीस, दोन दाणे निवडेपर्यंत; की मान परत भिंतीकडे. दिवसातून पंचवीस वेळा. शेवटी मीच माझं स्टूल उचललं आणि बाजूला जाऊन बसलो. तिकडे बघताना तुझा चेहरा असा काही व्हायचा..." त्याने हाताने हवेत काहीतरी शोधलं. "मला वाटलं तू प्रार्थना करतेस. मग म्हटलं, हेच काढू."

म्हणजे त्याला काहीच माहीत नव्हतं.

मला तिथूनच उठता आलं असतं. हो रे बाळा, प्रार्थनाच करत होते, असं म्हटलं असतं तर तो खूश झाला असता आणि बेलाइनेशला मी चित्रकलेचे नियम समजावून सांगितले असते. कॉफीवालीने माझ्या हातात कप दिला. मी तो ओट्यावर ठेवला.

"तुझं ते आईचं चित्र," मी म्हटलं, "भिजलं नव्हतं."

तो माझ्याकडे वळला.

"छप्पर गळलंच नव्हतं. मी ते भंगारवाल्याला दिलं. तू रोज त्याच्याशी बोलायचास, आणि मला ते... मला ते सहन व्हायचं नाही."

त्याने माझा कप उचलला आणि परत ठेवला. मग म्हणाला, "बदल्यात काय घेतलंस?"

"काय?"

"ते लोक बदल्यात काहीतरी देतात ना. काय घेतलंस?"

खोटं बोलायची आता सोयच नव्हती. "प्लास्टिकचा मग. हिरवा."

"तो हिरवा? न्हाणीतला?" त्याने तोंडावर हात ठेवला. "आत्या, मी बारा वर्षं रोज सकाळी त्याने तोंड धुतोय."

"हो."

तो हसणार असं वाटलं. हसू आलंही, पण अर्ध्यातच थांबलं. "त्यानंतर मी आईला नऊ वेळा काढलं," तो म्हणाला. "कुणाला दाखवलं नाही. एकही जमलं नाही. मला तिचा चेहरा आठवत नाही, आत्या. ते चित्र थोडंसं आठवतं. ती आठवत नाही."

आतून त्याला कुणीतरी हाक मारली. तो उठून गेला.

घरी तो माझ्याबरोबर आला, माझी पिशवीही त्यानेच धरली, पण वाटेत बोलला नाही. शनिवारी बोलला नाही. मी त्या दोन दिवसांत शिरोत मुद्दाम मीठच घातलं नाही. त्याने ताट स्वच्छ केलं आणि उठला. मला त्याचं एवढं भय वाटलं की रविवारी प्रार्थनेत एकदाही डुलकी लागली नाही.

प्रार्थना संपल्यावर मी अब्बांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "याचं प्रायश्चित्त मी देणार नाही. ज्याचं नुकसान झालं तो देईल. आणि बाई, ते माझ्यापेक्षा जड असेल हो."

चर्चच्या फाटकापाशी बेलाइनेश वाट बघत होती. "मी सगळी सोय केलीय," म्हणाली. "माझ्या बहिणीचा मुलगा चर्चच्या भिंती रंगवतो. अर्ध्या तासात दुसरा डोळा घालून देईल. छान मोठा, संत गॅब्रिएलसारखा."

"नको."

"नको? मग मंडळात काय सांगू?"

"सांग, चित्र बरोबर काढलंय."

तिने माझी शाल खांद्यावर नीट केली आणि शेवटी म्हणाली, "मसूर खरंच पुरला होता. मी चारदा घेतला होता."

मंगळवारी सकाळी माझी स्तोत्रं म्हणून झाली आणि वळून बघते तर सुराफेल दारात उभा. हाताला कोळसा लागलेला, डोळे सुजलेले.

"स्टुलावर बस," तो म्हणाला. "सूप नको. हात मोकळे ठेव."

मी बसले. त्याने मोठा कागद लावला, या वेळी मला दिसेल असा.

"आता माझ्याकडे बघायचं. मान वळवायची नाही. आणि तिच्याबद्दल बोलायचं."

"काय बोलू?"

"जे कधी बोलली नाहीस ते."

"मी तर कधीच काही बोलले नाही रे."

"म्हणजे पुष्कळ शिल्लक असेल," तो म्हणाला.

मी घसा साफ केला. "सेबले चांगली बाई होती. देवभोळी होती. सगळ्यांशी प्रेमाने..."

त्याने कोळसा खाली ठेवला. "आत्या, हे थडग्यावर लिहितात. मला बाई सांग."

तेव्हा कळलं, अब्बा प्रायश्चित्त म्हणून घालायला लावतात ते दंडवत खरंच हलके असतात.

"तिचे दात," मी म्हटलं, "वरचे दोन. एक दुसऱ्यावर किंचित चढलेला. हसली की आधी तो दिसायचा, मग बाकीची ती. चपला फटफट वाजवत चालायची. तीन घरं आधी कळायचं ही येतेय. माझ्या स्तोत्रांच्या वेळी हमखास यायची. मला फार राग यायचा तिचा."

कोळसा चालायला लागला होता.

"का?"

"तिला सगळं सोपं वाटायचं म्हणून. एका शुक्रवारी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर ही चुलीपाशी बसून चहा पितेय. दूध घालून! मला वाटलं, मला बघून लपवेल. तर म्हणते कशी, ‘वन्सं, आज थंडी फार आहे हो. देवालाही वाजत असेल.’"

"मग? तू ओरडलीस तिला?"

मी त्याच्याकडे बघत होते. वळायचं नाही असं ठरलं होतं.

"मी म्हटलं, मला अर्धा कप दे."

त्याचा हात थांबला. "तू? शुक्रवारी?"

"अर्धाच. आणि साखर फार होती."

"अब्बांना सांगितलंस?"

"त्याच रविवारी. चाळीस दंडवत घालायला लावले. मी ते घालत होते आणि तुझी आई दारात उभी राहून मोजत होती. म्हणाली, ‘अर्ध्या कपाला चाळीस? वन्सं, मग पुरा तरी प्यायचात!’"

तो हसला. डोळे मिटून, मान मागे टाकून, मोठ्याने. अगदी तशीच हसायची ती, आणि हे मी इतकी वर्षं माझ्याच घरात बघत होते, पण त्याला एकदाही सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. मग त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, कपाळावर कोळशाचा फराटा ओढून घेतला, आणि कागदावर वाकला.

"कुणाला काढतोयस?" मी विचारलं. "मला की तिला?"

"अजून कळलं नाही," तो म्हणाला. "तू थांबू नकोस."